अंगातल्या विजेचा माग

फार वेळ मांडी घालून बसले की पायाला मुंग्या येतात. मानेत शीर आखडते, पाठीत उसण भरते, रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो; आणि कोपराच्या आतल्या बाजूला दाराची कड नेमकी लागली, की करंगळीपर्यंत अशी झिणझिणी जाते की तोंडातून शब्द फुटत नाही. विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, असे आपण म्हणतो. हे बोलणे आपण उपमा म्हणून करतो. पण ते उपमेपेक्षा बरेच अधिक खरे आहे.

आपल्या भाषेने या साऱ्या यातनांना नावे दिली, परंतु त्या कुठे घडतात याचा पत्ता मात्र तिने धड लिहून ठेवलेला नाही. डॉक्टर इंजेक्शनसाठी शोधतात तीही शीर, आणि मानेत आखडते तीही शीर. ‘स्नायू’ या शब्दाची तऱ्हा तर आणखी गमतीची. जुन्या संस्कृत वैद्यकात स्नायू म्हणजे हाडे बांधून ठेवणारी दोरीसारखी वस्तू. तोच शब्द मराठीत आला आणि मांसल झाला. आपण दंडाचे स्नायू फुगवून दाखवू लागलो. तोच बंगालीत गेला आणि मज्जातंतू होऊन बसला. आता यात आपलीच भाषा गबाळी असे मानून कोणी खंत करू नये. इंग्रजांच्या ‘नर्व्ह’चे मूळ शोधीत ग्रीकांपर्यंत गेले, तर तिथेही ‘न्यूरॉन’ म्हणजे आधी धनुष्याची दोरीच निघते! अंगात पांढऱ्या दोऱ्या पुष्कळ आहेत. त्यांतली कोणती नुसती ओढते आणि कोणती निरोप नेते, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही, एवढाच याचा अर्थ. ते कळायला वीज मोजावी लागली.

ही मोजणी कशी सुरू झाली ती हकीकत मोठी वाचनीय आहे, आणि तिचा आरंभ एका मेलेल्या बेडकाच्या लाथेने होतो.

इटलीतल्या बोलोन्या शहरी लुइजी गॅल्व्हानी हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १७८० च्या सुमाराची गोष्ट. त्यांनी बेडकाचे मागचे पाय मज्जातंतूंसह सोलून टेबलावर ठेवले होते. शेजारी घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र होते. एका मदतनिसाने सुरीचे टोक सहज त्या मज्जातंतूला लावले. त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली, आणि बेडकाच्या पायांनी जोराचा झटका दिला. गॅल्व्हानींची पत्नी आजारी होती, तिच्यासाठी बेडकाचे सूप चालले होते आणि त्यात हा शोध लागला, अशी एक गोष्ट पुस्तकांतून फिरत असते. ती चवदार आहे, पण स्वतः गॅल्व्हानींच्या लेखनात सूप कुठे नाही. त्यांची पत्नी लुचिया ही त्यांच्याच गुरूंची मुलगी. प्रयोगांत ती त्यांच्या बरोबरीने असे. तिला स्वयंपाकघरात बसवून ठेवण्याचे काम नंतरच्या कथाकारांनी केले.

पुढे १७८६ मध्ये गॅल्व्हानींनी बेडकाचे पाय पितळेच्या आकड्याला अडकवून लोखंडी कठड्यावर टांगले. आकाशातल्या विजेचा परिणाम पाहावा, असा हेतू. पण आकाश निरभ्र असतानाही आकडा कठड्याला टेकला की पाय उडत. गॅल्व्हानींनी निष्कर्ष काढला, की वीज बाहेरून येत नाही. ती प्राण्याच्या अंगातच असते. १७९१ मध्ये त्यांनी हे लॅटिन भाषेत छापले, आणि पाविया येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आधी वाहवा करून मग हरकत घेतली. ते म्हणाले, वीज बेडकात नाही; पितळ आणि लोखंड असे दोन वेगळे धातू ओल्या मांसाला लागले म्हणून ती उत्पन्न झाली. बेडूक तिचा नुसता साक्षीदार.

यावर गॅल्व्हानींच्या बाजूने १७९४ मध्ये जो प्रयोग छापला गेला तो मला फार आवडतो. त्यात धातूच नाही. बेडकाच्या पायाचाच मज्जातंतू काचेच्या कांडीने उचलून त्याच पायाच्या स्नायूवर टेकवला, आणि पाय उडाला! वाद इथे संपायला हवा होता. पण व्होल्टांनी १८०० मध्ये दोन धातूंच्या चकत्यांची चळत रचून जगातली पहिली बॅटरी केली, आणि सारे जग तिच्या मागे धावले. ते पाहायला गॅल्व्हानी उरले नव्हते. पत्नी १७९० मध्येच गेली होती. नेपोलियनच्या फौजांनी उभारलेल्या नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायचे त्यांनी नाकारले, म्हणून नोकरी गेली. आणि ४ डिसेंबर १७९८ रोजी ते वारले. व्होल्टांचे नाव आज प्रत्येक घरातल्या विजेच्या उपकरणावर आहे. गॅल्व्हानींच्या नावाचा आपल्या रोजच्या बोलण्यात उरला तो गॅल्व्हनाइज्ड पत्रा. त्या पत्र्याशी पुढे आपली एकदा गाठ पडणार आहे.

वाद मिटला नाही, नुसता बाजूला पडला. तो पुन्हा उचलला बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमों या तरुणाने. अंगातली वीज आहे खरी, पण ती इतकी क्षीण की त्या काळच्या कोणत्याही काट्याला तिचा पत्ता लागत नसे. या गृहस्थाने स्वतःच्या हातांनी तलम तारेचे २४ हजारांहून अधिक वेढे गुंडाळले आणि त्यातून एक अति नाजूक विद्युत्मापक तयार केला. मग दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून एका दंडाचा स्नायू आवळला. काटा हलला! परंतु मधे कातडीचा अडसर होता. ती विजेला सहजी वाट देत नाही. तेव्हा या पठ्ठ्याने दोन्ही हातांवर फोड आणवून त्यांवरची कातडी काढून टाकली, आणि उघड्या मांसाला तारा लावून दंड पुन्हा आवळला. काटा आधीपेक्षा कितीतरी अधिक हलला. आज या चाचणीला गेलेल्या माणसाच्या हातावर एक गार जेली चोळतात. तिचे काम तेच. फोड आणणे टळते, एवढाच फरक.

आता हेल्महोल्ट्झ. माझ्या मते या साऱ्या कथेत एवढा धिटाईचा माणूस दुसरा नाही.

माझ्या मनात आले आणि बोट हलले. मधे किती वेळ गेला? त्या काळचे थोर शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस म्यूलर यांचे मत होते, की हा वेग मोजण्याचे साधन माणसाला बहुधा कधीच सापडणार नाही. हेर्मान हेल्महोल्ट्झ हा या म्यूलरचाच शिष्य. १८५० च्या आरंभी क्योनिग्सबर्ग येथे त्याने तो मोजून दाखवला, आणि तोही पुन्हा बेडकाच्या पायावर. त्याची युक्ती कोणाही गृहिणीला पटेल अशी आहे. पोटरीच्या स्नायूला जोडलेला मज्जातंतू घेतला. त्याला स्नायूच्या अगदी जवळ विजेचा टोला दिला आणि स्नायू आखडायला किती वेळ लागतो ते मोजले. मग तोच टोला पाच-सहा सेंटिमीटर दूर दिला आणि पुन्हा वेळ मोजला. स्नायूला स्वतःला लागणारा वेळ दोन्हींत सारखाच; म्हणजे वजाबाकी केली की उरतो तो फक्त मधल्या पाच-सहा सेंटिमीटरच्या प्रवासाचा वेळ. तो निघाला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दुप्पट. हिशेब केला तेव्हा वेग आला सेकंदाला साधारण २७ मीटर.

प्रयोग शेकडो वेळा करावा लागे. यंत्रावरचे आकडे टिपून घ्यायला त्याची पत्नी ओल्गा शेजारी बसलेली असे. निकाल ऐकून विद्वानांचा विश्वास बसेना. विजेचा निरोप, आणि तो एवढा मंद? घरचा आहेर तर आणखीच. हेल्महोल्ट्झचे वडील पोट्सडामच्या शाळेत भाषा आणि तत्त्वज्ञान शिकवीत. म्हणजे थोडेसे माझ्याच जातकुळीतले. त्यांनी मुलाला कळवले, की विचार आणि त्याची शरीरातली कृती या एकामागून एक होणाऱ्या दोन गोष्टी आहेत हे आपल्याला काही पटत नाही. त्या एकाच क्षणी घडतात असेच वाटते. मला त्या वडिलांचे नवल वाटत नाही. आपला हात आपल्यापासून काही वेळाच्या अंतरावर आहे, हे एकदा कळल्यावर माणसाला जरा परकेपणा वाटतोच. पण अंतर आहे. निरोगी माणसाच्या हातातल्या वेगवान तंतूंतून निरोप सेकंदाला ५० ते ६० मीटर या वेगाने धावतो. म्हणजे ताशी १८० ते २१६ किलोमीटर. आगगाडीला मागे टाकील, पण तारायंत्राच्या पासंगालाही पुरणार नाही.

यापुढची पन्नास-साठ वर्षे चांगल्या यंत्राच्या शोधात गेली. हृदय हाही स्नायूच. त्याची वीज सर्वांत मोठी, म्हणून ती आधी सापडली. १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचा विद्युत्आलेख काढला. त्यांचा जिमी नावाचा एक बुलडॉग होता. तो मिठाच्या पाण्यात पाय ठेवून शांत उभा राही आणि त्याच्या हृदयाचे ठोके प्रेक्षकांना दिसत. १९०९ मध्ये या कुत्र्याचा छळ होतो म्हणून ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. गृहमंत्र्यांनी खुलासा केला, की ते पाणी म्हणजे नुसते मीठ घातलेले पाणी आहे, समुद्रात पाय बुडवलेल्या माणसाला त्याची कल्पना येईल! हॉलंडच्या आइन्टहोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झच्या धाग्याचे यंत्र करून त्या आलेखाला आजचे रूप दिले आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. ईसीजी आता सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो इथेच सोडते.

मज्जातंतूची भाषा समजली ती केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांना. दिवाळी आहे, तेव्हा लवंगीच्या माळेची वात डोळ्यांपुढे आणावी. ती उदबत्तीने पेटवा की मशालीने पेटवा; एकदा पेटली की ठिणगी आपल्याच चालीने सरकते. मशाल लावली म्हणून ती मोठी होत नाही. मज्जातंतूचे अगदी तसेच असते. पेटतो तर पूर्ण पेटतो, नाही तर मुळीच नाही. फरक इतकाच, की वात जळून जाते आणि तंतू हजारांश सेकंदात पुन्हा पेटायला तयार होतो. मग हलका स्पर्श आणि जोराचा चिमटा यांतला भेद मेंदूला कळतो कसा? १९२० नंतरच्या दशकात एड्रियन यांनी एकेका तंतूची वीज वाढवून पाहिली तेव्हा उत्तर मिळाले: निरोप मोठा होत नाही, तो घाईघाईने येऊ लागतो. हलक्या स्पर्शाला सेकंदाला थोडे टोले, जोराच्या स्पर्शाला पुष्कळ. दाराची कडी वाजवणारा माणूस घाईत आहे की निवांत, हे आपण आतून ओळखतो, तसाच हा प्रकार.

एड्रियन यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. ती वीज त्यांनी लाउडस्पीकरला जोडली. १९२९ मध्ये डेटलेव्ह ब्रॉन्क यांच्याबरोबर त्यांनी पोकळ सुईत तार बसवून ती जिवंत माणसाच्या स्नायूत घातली आणि माणसाने तो स्नायू हलवताना होणारा आवाज ऐकला. टक् टक् टक्. स्नायूचा आवाज!

वीज येते कुठून, हा गॅल्व्हानींचा मूळ प्रश्न मात्र राहिलाच होता. त्याचे उत्तर माशांच्या बाजारातल्या एका गरीब प्राण्याने दिले. आपल्या कोकणात ज्याला म्हाकुल म्हणतात त्याच्या अंगात एक तंतू असतो, जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाड. माणसाच्या तंतूच्या शेकडो पट. पाहणाऱ्यांना ती रक्तवाहिनीच वाटे. म्हणजे शीर कोणती आणि मज्जातंतू कोणता, हा आपल्या आजीबाईंचा घोळ प्राणिशास्त्रज्ञांनीही घातला होता! १९३६ मध्ये जे. झी. यंग यांनी तो मज्जातंतूच आहे हे ठामपणे दाखवले. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी त्या तंतूच्या पोटात बारीक तार सरकवून आतली वीज प्रथमच मोजली, आणि काही आठवड्यांतच महायुद्ध सुरू झाले. काम सहा-सात वर्षे पडून राहिले. त्यांनी शेवटी सिद्ध केले ते असे: तंतू स्वस्थ असतो तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट कमी दाब असतो, टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्शाइतका. निरोप येतो तेव्हा पडद्यातली दारे उघडून सोडियम आत घुसते आणि पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडते. म्हणजे अंगातली वीज ही मिठाची वीज आहे. १९५२ मध्ये त्यांनी याची समीकरणे छापली. केंब्रिजचा गणकयंत्र-विभाग ऐन वेळी दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सले यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे हिशेब केला. कागदावर वेग आला सेकंदाला १८.८ मीटर, म्हाकुलाच्या तंतूत प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२. एवढ्या जवळ येणारा हिशेब शरीरशास्त्रात विरळाच. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

माणसाच्या तंतूंनी आणखी एक सोय केलेली आहे. त्यांच्यावर मेदाचे वेष्टण असते आणि दर मिलिमीटरच्या आसपास त्यात बारीकशी फट असते. वीज तंतूच्या अंगाने सरपटत न जाता या फटीवरून त्या फटीवर उड्या मारीत जाते. आपला सारा वेग या वेष्टणाच्या जिवावर.

आता हे सारे मी, वर्गात मराठी शिकवणारी बाई, कशाला वाचीत बसले ते सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयँ-बारे या रोगाची साथ आली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. राज्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. दूषित पाण्यावाटे येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूवर संशय होता आणि काही रुग्णांच्या तपासणीत तो सापडलाही. हा जंतू आधी पोट बिघडवतो. त्याच्याशी लढायला शरीर जी हत्यारे तयार करते, ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर चालू लागतात, कारण जंतूचे कवच आणि तंतूचे आवरण यांत काहीसे साम्य असते. माझी थोरली बहीण त्याच भागात राहते. तिच्या मुलीचे पोट बिघडून बरे झाले, आणि दहा दिवसांनी तिच्या पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी तिला जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवता येईना, तेव्हा ताईने मला फोन केला आणि आम्ही तिला इस्पितळात नेले.

या रोगात अशक्तपणा पायांकडून वर चढतो, आणि छातीपर्यंत चढला तर श्वास थांबू शकतो. म्हणून डॉक्टर दर काही तासांनी तिला एका दमात आकडे मोजायला सांगत. पहिल्या दिवशी ती चौतीसपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सव्वीस. तिसऱ्या रात्री एकोणीसवर थांबली, आणि ताईने माझा हात घट्ट धरला. दारापाशी कृत्रिम श्वासाचे यंत्र आणून ठेवलेले होते.

त्याआधी सकाळी तिची मज्जातंतूंची चाचणी झाली होती. मला आत बसू दिले. एका तरुण तंत्रज्ञ मुलीने भाचीच्या तळव्यावर चकत्या चिकटवल्या, मनगटाशी एका दांड्याने विजेचा बारीक टोला दिला. अंगठा आपोआप उडाला आणि पडद्यावर एक डोंगर उमटला. मग तोच टोला कोपराशी दिला. पुन्हा डोंगर, जरा उशिरा. टेप घेऊन मनगट ते कोपर अंतर मोजले आणि वजाबाकी केली. हेल्महोल्ट्झचीच रीत! वेगावरून वेष्टणाची प्रकृती कळते, डोंगराच्या उंचीवरून आतल्या तारेची. एका तंतूचे वेष्टण झिजले तर निरोप उशिरा पोहोचतात. तारच तुटली तर पोहोचतच नाहीत.

त्या दिवशी वेग जवळजवळ ठीक निघाला. मी आशेने डॉक्टरांकडे पाहिले. ते म्हणाले, “मॅडम, एवढ्यात हुरळून जाऊ नका. हा रोग सुरुवातीला मुळाशी असतो, पाठीच्या कण्याजवळ. आपण तपासतोय फांद्या.” मग त्यांनी मला एक दुसरीच लाट दाखवली, किंवा ती नाही हे दाखवले. घोट्याशी टोला दिला की वीज खाली जाते तशीच वरही जाते, थेट पाठीच्या कण्यापर्यंत, आणि तिथून फिरून पावलात येऊन एक छोटासा पडसाद उमटवते. १९५० मध्ये सापडलेल्या या पडसादाला एफ-लाट म्हणतात. निरोगी माणसात तो पन्नास-एक हजारांश सेकंदांनी परत येतो. भाचीच्या पायात टोल्यामागून टोले दिले, पण एकदाही तो आला नाही.

उपचार चाचणीसाठी खोळंबले नव्हते. गुडघ्यावरची हातोडी आणि वर चढणारा अशक्तपणा डॉक्टरांना पुरेसा होता. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले प्रतिद्रव्य तिला पाच दिवस शिरेतून दिले. (ही मात्र खरी शीर.) चौथ्या रात्री ती बावीसपर्यंत मोजून गेली, सहाव्या दिवशी एकतीसपर्यंत. ते यंत्र दारापाशीच राहिले.

चाचणीच्या खोलीबाहेर बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या एक आजी होत्या. त्यांची तीन बोटे रात्री बधिर होत. त्यांनी मला हळूच विचारले, “बाई, हा करंट घेतल्यावर गुण येतो का हो?” हा गैरसमज फार जणांचा असतो. ही चाचणी आहे, उपचार नव्हे. तराजूत बसल्याने वजन उतरत नाही, तसेच. आजींच्या मनगटात अरुंद वाटेने जाणारा मज्जातंतू दबला असावा. मनगटाच्या अलीकडे वेग चांगला आणि नेमका मनगटापाशी निरोप रेंगाळतो असे दिसले, की डॉक्टरांना अडचणीची जागा बोट ठेवून दाखवता येते.

तीन आठवड्यांनी भाचीची दुसरी चाचणी झाली. तोवर ती आधार घेऊन उभी राहू लागली होती, म्हणून आम्ही पेढे न्यायच्या तयारीत होतो. पायातला वेग निघाला सेकंदाला २७ मीटर. चाळीसच्या वर हवा तो! ताईचा चेहरा उतरला. मला मात्र क्योनिग्सबर्गचा बेडूक आठवला, आणि त्या अवेळी आलेल्या आठवणीची लाजही वाटली. डॉक्टर म्हणाले, वेष्टणाची झीज फांद्यांत अशी उशिरानेच दिसते; रोगी सुधारत असतो तेव्हाही आकडा पडतो. “मला डोंगराची उंची बघायची आहे,” ते म्हणाले. उंची बरीच शाबूत होती.

मग त्यांनी पिंढरीच्या स्नायूत सुई घातली आणि लाउडस्पीकर चालू केला. एड्रियन यांच्या वेळेपासून ही प्रथा चालत आली आहे. पडद्यावर सारे दिसत असताना डॉक्टर अजून कान देऊन ऐकतात. ज्या स्नायूची तार तुटली आहे, तो दोन-तीन आठवड्यांनी स्वस्थ पडल्या पडल्या आपोआप कुरकुरू लागतो. तो आवाज पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसासारखा असतो, असे या विद्येच्या पुस्तकांत म्हटलेले असते. माझे बालपण रत्नागिरीकडचे. तो आवाज मला कोणी सांगायला नको होता. मी जीव कानांत आणून बसले. डॉक्टर म्हणाले, “पाय सैल सोड.” तिने सोडला. स्पीकरमधून काही आले नाही. त्यांनी सुई थोडी सरकवली, पुन्हा थांबले. काही नाही. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. “आता पाऊल वर ओढ.” टक्... टक्... टक् टक्.

पाऊस नव्हता. तुटलेली तार पुन्हा वाढते ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात आणि कधी ती पोहोचतही नाही. वेष्टण मात्र काही आठवड्यांत, महिन्यांत नवे चढते. भाचीचे वेष्टणच गेले होते.

या रोगाच्या नावाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, फ्रेंच सैन्यातल्या दोन शिपायांत हा रोग ओळखला गेला. त्यावरचा निबंध तिघांनी मिळून लिहिला होता: गीयँ, बारे आणि आन्द्रे स्ट्रोल. पहिल्या दोघांनी रोगी तपासले. शिपायांचे स्नायू टोल्याला काय उत्तर देतात त्याचे आलेख काढले ते तिसऱ्याने. १९२७ च्या सुमारास रोगाला नाव पडले तेव्हा पहिले दोघे राहिले आणि स्ट्रोल गळाले. काही फ्रेंच पुस्तके तेवढी अजून तिघांची नावे लिहितात. भाचीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, म्हणजे ज्याने टेस्ट केली त्याचंच नाव नाही?” आणि ऑगस्टमधल्या तिसऱ्या चाचणीला ती गेली, तेव्हा तिने त्या तंत्रज्ञ मुलीचे नाव विचारून घेतले आणि घरी आल्यावर फाईलवर, डॉक्टरांच्या सहीखाली, पेनाने लिहून ठेवले. त्या कागदावर पायातला वेग ४१ आहे.